पाच व्होल्टच्या वरचे व्होल्ट जातात कोठे?

गणेशोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळी विंचूरच्या पेठेतून एक फेरी मारा. मंडपामंडपांत दिव्यांच्या ओळी पळताना दिसतील. कोठे लाल ठिपके मखराभोवती फेर धरतात, कोठे हिरवे दिवे मध्यापासून कडेकडे पसरत जातात. यांतल्या बहुतेक माळा आता तयारच विकत मिळतात. परंतु एखाद्या मंडळात अजूनही अशी रोषणाई असते, की जिच्यामागे नववी-दहावीतल्या कोणा विद्यार्थ्याने स्वतः सोल्डर करून बनवलेला छोटासा परिपथ असतो. हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आहे.

विंचूर आणि गणेशोत्सव यांचे नाते तसे जुनेच. विंचूरचे जहागीरदार जे विंचूरकर, त्यांच्या पुण्यातील वाड्यात लोकमान्य टिळक राहत असत आणि त्याच वाड्यात १८९४ साली त्यांनी गणेशोत्सव सुरू केला. तेव्हाच्या समया आणि तेलाचे दिवे तापत असत यात कोणाला नवल वाटले नसेल. जो उजेड देतो तो तापतो, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. आजच्या रोषणाईत मात्र उलटा प्रकार दिसतो. दिवे बोटाला गारच लागतात, आणि मागच्या खोक्यातला, उजेडाचा एक किरणही न देणारा, नखाएवढा काळा तुकडा बोट भाजण्याइतका तापतो!

हा तुकडा म्हणजे ७८०५ या क्रमांकाचा व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजेच विद्युतदाब नियंत्रक. त्याच्यामुळे होणारा घोटाळा बहुधा असा असतो. परिपथ घरी टेबलावर उत्तम चालतो. मंडपात नेऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवला, की पाव-अर्ध्या तासाने दिवे थरथरू लागतात, मंदावतात, मध्येच विझतात. पळणारी ओळ मध्यावरून तुटून पुन्हा पहिल्या दिव्यापासून सुरू होते. बटण बंद करून दहा मिनिटे थांबले, की सारे पुन्हा ठीक! मग कोणी जाणकार सांगतो, “आयसी डुप्लिकेट लागली.” नवी आणून लावतात. तीही तेच करते.

आयसी डुप्लिकेट नसते. ती आपले काम चोख करीत असते, आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मधूनमधून काम थांबवीत असते. हे कसे, ते समजण्यासाठी आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू या. नियंत्रकाला १२ व्होल्ट दिले आणि त्यातून ५ व्होल्ट बाहेर आले, तर मधले ७ व्होल्ट गेले कोठे?

आपल्या तालुक्यातला कालवा आठवा. जमिनीचा उतार जास्त असेल तेथे कालव्यात मध्येच एक पायरी बांधतात. वरचे पाणी त्या पायरीवरून खळाळत खाली पडते आणि पुढे संथ वाहू लागते. पायरीच्या वर दर सेकंदाला जितके पाणी येते तितकेच खालून पुढे जाते. एक थेंब कमी होत नाही. कमी होते ती उंची. त्या उंचीबरोबर जी ऊर्जा गेली ती पाण्याच्या घुसळणीत खर्च झाली आणि शेवटी तिची उष्णता झाली. ही उष्णता आपल्याला जाणवत नाही, कारण पाणी १ अंशाने तापायला ते सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागते. (हा आकडा तुम्ही स्वतः काढून पाहा. पाण्याची विशिष्ट उष्णता आणि गुरुत्व त्वरण एवढेच त्यासाठी पुरते.)

७८०५ हा असाच एक धबधबा आहे. त्याच्या पोटात एक ट्रान्झिस्टर प्रवाहाच्या वाटेतच उभा असतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक छोटा परिपथ असतो. बाहेरचा दाब ५ व्होल्टच्या वर सरकू लागला, की हा परिपथ ट्रान्झिस्टरला आवळतो. खाली येऊ लागला, की सैल सोडतो. जेवढा प्रवाह आत शिरतो तेवढाच बाहेर पडतो. जादा दाब ट्रान्झिस्टरवर पडतो, आणि त्या दाबाला प्रवाहाने गुणले की जितके वॉट येतील तितकी उष्णता दर सेकंदाला तेथे निर्माण होते. यातून सुटका नाही. नियंत्रक कितीही चांगल्या कंपनीचा असो, हा गुणाकार चुकत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, २४ दिवे आहेत, प्रत्येकी २० मिलिॲम्पिअर घेणारे, आणि सर्व एकदम लागतात असा एक प्रकार तुमच्या रोषणाईत आहे. दिव्यांचे ४८० आणि त्यांना नाचवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचे २०, असे एकूण ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अर्धा ॲम्पिअर झाला. ट्रान्सफॉर्मर दुकानातून “१२ व्होल्टचा” म्हणून आणला.

येथे पहिला चकवा आहे. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य असते. त्याचा कळस १२ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. चार डायोडांच्या पुलात सुमारे दीड व्होल्ट जातात आणि पुढचा कंडेन्सर साडेपंधरा व्होल्टपर्यंत भरतो. दिवे लागल्यावर हा दाब थोडा खाली येतो आणि हेलकावतो. सरासरी १४ व्होल्ट धरू. म्हणजे ज्याला तुम्ही १२ समजत होतात ते १४ निघाले. नियंत्रकावर पडणारा दाब १४ उणे ५, म्हणजे ९ व्होल्ट. प्रवाह अर्धा ॲम्पिअर. उष्णता साडेचार वॉट. आणि ज्या दिव्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांच्याकडच्या बाजूला मिळतात ५ गुणिले अर्धा, म्हणजे अडीच वॉट! पाहुण्यांपेक्षा आचारीच जास्त जेवला म्हणायचे.

साडेचार वॉट ऐकायला फार वाटत नाहीत. शून्य वॉटचा म्हणून मिळणारा छोटा दिवासुद्धा त्याहून जास्त खातो. पण ही उष्णता सिलिकॉनच्या काही मिलिमीटरच्या कपच्यात निर्माण होते, हे विसरू नका. प्रश्न किती उष्णता हा नाही. तिला बाहेर पडायला वाट किती रुंद आहे, हा आहे.

उष्णतेचा ओहमचा नियम

या वाटेचे गणित तुम्हांला आधीच येते, फक्त नावे बदलायची. ओहमच्या नियमात विभवांतर भागिले रोध म्हणजे प्रवाह. येथे विभवांतराच्या जागी तापमानातील फरक घ्या, प्रवाहाच्या जागी वॉट घ्या, आणि रोधाच्या जागी उष्णतारोध. उष्णतारोधाचे एकक ‘अंश प्रति वॉट’. म्हणजे एक वॉट उष्णता ढकलून बाहेर काढायला किती अंशांची चढण लागते, ते.

७८०५ च्या नेहमीच्या आवरणातून, त्याला काहीही न जोडता, आतल्या सिलिकॉनपासून भोवतालच्या हवेपर्यंतचा उष्णतारोध सुमारे ६५ अंश प्रति वॉट असतो. आपले वॉट साडेचार. गुणाकार करा: २९२ अंश! हवेचे ३० अंश मिळवले, की कागदावर सिलिकॉनचे तापमान सव्वातीनशेच्या आसपास येते. प्रत्यक्षात ते तेथपर्यंत पोचत नाही, कारण १५० अंशांच्या थोडे पुढे नियंत्रक स्वतःच प्रवाह तोडतो. जरा निवला की पुन्हा सोडतो, पुन्हा तापतो, पुन्हा तोडतो. तुमचे दिवे थरथरतात ते यामुळे. प्रवाह तुटला की मायक्रोकंट्रोलरही क्षणभर उपाशी राहतो आणि आपला कार्यक्रम पहिल्यापासून म्हणू लागतो. म्हणून पळणारी ओळ मध्येच तुटते.

ही स्वसंरक्षणाची युक्ती जुनी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत बॉब विड्लर या अभियंत्याने एलएम १०९ हा तीन पायांचा ५ व्होल्टचा नियंत्रक रचला. तापणारा ट्रान्झिस्टर आणि त्याचे तापमान पाहणारा पहारेकरी एकाच सिलिकॉनच्या कपच्यावर बसवता येतो, हे त्याने दाखवले. पहारेकरी वेगळ्या जागी असता तर त्याला आगीची वर्दी उशिरा मिळाली असती. पुढे फेअरचाइल्ड कंपनीने ७८०० ही मालिका काढली, आणि ७८०५ हा तिच्यातला ५ व्होल्टचा भाऊ. पन्नास वर्षांनंतरही तो बाजारात मिळतो आणि शाळकरी मुलांच्या परिपथांत बसतो. इतकी वर्षे टिकण्याचे मोठे श्रेय मी त्या पहारेकऱ्याला देईन. एरवी आपल्यासारख्यांनी तो केव्हाच जाळून संपवला असता.

उष्णतेची वाट रुंद करायची म्हणजे नियंत्रकाच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा, म्हणजे हीट सिंक, जोडायचा. सिलिकॉनपासून धातूच्या पाठीपर्यंतचा उष्णतारोध ५, मधल्या पांढऱ्या पेस्टचा सुमारे १, आणि पुढे तुकड्याचा स्वतःचा. चिमट्यासारखी बसणारी छोटी हीट सिंक सुमारे २० अंश प्रति वॉटची धरू. हे रोध एकसर जोडणीत आहेत, तेव्हा बेरीज २६. साडेचार वॉटला ११७ अंशांची चढण.

आता गंमत पाहा. निफाड तालुक्याचा पारा हिवाळ्यात ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जानेवारीत १० अंशांच्या पहाटे तुम्ही हा परिपथ तपासला, तर सिलिकॉन १२७ अंशांवर राहील. जीव मुठीत धरून का होईना, चालेल. तोच परिपथ मे महिन्याच्या लग्नसराईत ४० अंशांच्या दुपारी लावला, तर १५७! दिवे थरथरू लागतील. परिपथात काही बदलले नाही, फक्त ऋतू बदलला. हवेचे तापमान या गणितात सरळ बेरजेने येते, हे लक्षात असू द्या. आणि ‘हवा’ म्हणजे गावातली हवा नव्हे, खोक्याच्या आतली हवा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरे पुठ्ठ्याची आणि कागदाची होऊ लागली हे चांगलेच झाले. पण पुठ्ठाही उष्णतेचा मंदवाहक आहे. त्याच्या बंद खोक्यात बाहेर ३० अंश असताना आत ४५ सहज होतात. शिवाय कागद आणि तापलेला धातू एकमेकांना खेटून ठेवू नयेत, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही.

खोके कसे असावे हे शिकायला आपल्याला दूर जायचे कारण नाही. विंचूर हे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार. भोवताली कांदाचाळींना तोटा नाही. साठवलेला कांदा श्वसन करीत असतो आणि त्यातून उष्णता व ओल बाहेर पडते. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि भिंतींना फटी असतात. गार हवा खालून शिरते, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. कोणी पंखा लावत नाही, तरी वारा खेळतो. तुमच्या खोक्यालाही तळाशी आणि वरच्या बाजूला भोके हवीत. नुसती वर पाडून भागत नाही. हीट सिंकचे पंखे उभे ठेवा, म्हणजे त्यांच्यामधून हवेला वर चढायला गल्ली मिळेल. आडवे ठेवले की ती गल्ली बुजते.

उष्णता निर्माणच का करावी?

आतापर्यंत आपण झालेली उष्णता बाहेर कशी काढायची ते पाहिले. त्याहून चांगला प्रश्न असा, की एवढी उष्णता मुळात हवीच कशाला?

पहिला उपाय ट्रान्सफॉर्मरचा. १२ ऐवजी ९ व्होल्टचा घेतला, तर कंडेन्सरवर सरासरी १० व्होल्ट मिळतात. नियंत्रकावर पडणारा दाब ५ व्होल्ट, उष्णता अडीच वॉट. जवळजवळ निम्मी! मग आणखी उतरून ६ व्होल्टचा का घेऊ नये? कारण ७८०५ ला नीट काम करायला आत निदान ७ व्होल्ट तरी लागतात, आणि ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा कळस डायोडांनंतर जेमतेम ७ वर येतो. त्यातच कंडेन्सरचा हेलकावा. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे लागले आणि २३० व्होल्टचे १८० झाले, की संपलेच. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारची भीती जास्त दाबाची, आणि संध्याकाळची भीती कमी दाबाची. या दोन्हींच्या मध्ये बसणारा ट्रान्सफॉर्मर निवडायचा. माझे मत ९-०-९ च्या बाजूने आहे. त्यात पुलाऐवजी दोनच डायोड लागतात, म्हणून एका डायोडचा दाब वाचतो. सोबत कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरडचा ठेवला, तर १८० व्होल्टवरही आतला दाब सातच्या खाली सहसा जात नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात एक पैसाही जास्त पडत नाही, फक्त डोके चालवावे लागते. स्थिर ५ व्होल्ट कोणाला हवे असतात? मायक्रोकंट्रोलरला. दिव्यांना नव्हे! दिवा थोडा कमी-जास्त उजळला तर मखरापुढे उभ्या असलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. मग अर्ध्या ॲम्पिअरची ही वरात नियंत्रकाच्या अरुंद दारातून काढायची कशाला? दिव्यांना नियंत्रकाच्या आधीचेच १० व्होल्ट द्या, आणि त्यांना लावण्या-विझवण्याचे काम ट्रान्झिस्टरांकडे सोपवा. मायक्रोकंट्रोलरने फक्त ट्रान्झिस्टरच्या बेसला इशारा करायचा.

एवढेच नव्हे, तर आता तीन-तीन लाल दिवे एकसर जोडता येतात. प्रत्येकाला सुमारे २ व्होल्ट, तिघांना ६. उरलेल्या ४ व्होल्टसाठी २२० ओहमचा रोधक, म्हणजे साधारण १८ मिलिॲम्पिअर. २४ दिव्यांच्या ८ ओळी झाल्या. पूर्वी २४ दिव्यांना २४ वेळा प्रवाह लागत होता, आता ८ वेळाच लागतो. आणि नियंत्रकातून जातात ते फक्त मायक्रोकंट्रोलरचे २० मिलिॲम्पिअर. ५ व्होल्ट गुणिले ०.०२ ॲम्पिअर, म्हणजे एक दशांश वॉट. त्याला ६५ ने गुणा: साडेसहा अंश. हीट सिंक नको, भोके नकोत, बोट ठेवले तर तुकडा जेमतेम कोमट लागेल. साडेचार वॉटवरून एक दशांश वॉट, आणि रोषणाई जवळजवळ तीच! (पांढऱ्या आणि निळ्या दिव्यांना प्रत्येकी ३ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यांच्या ओळीत दोनच घ्या आणि रोधकाचे गणित नव्याने करा.)

काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तेथील विद्यार्थी म्हणतील, आम्ही ७८०५ वापरतच नाही, आमच्याकडे आर्डुइनो आहे. पण आर्डुइनो उनोच्या पाटीवरही ५ व्होल्टचा तसाच एक नियंत्रक बसवलेला असतो, चपटा आणि ७८०५ पेक्षाही लहान. त्याला हीट सिंक नाही. पाटीवरचे तांबे हेच त्याचे अंगण. साधारण एक वॉटच्या पुढे तो अडचणीत येतो. पाटी संगणकाच्या यूएसबीवर चालत असते तोवर ५ व्होल्ट सरळ तेथून येतात आणि या नियंत्रकाला काही कामच नसते. विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी संगणक बाजूला करून १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, की ७ व्होल्टचा धबधबा सुरू होतो. ७ गुणिले ०.१५ म्हणजे एक वॉट. तेव्हा १५० मिलिॲम्पिअर ही मर्यादा झाली. पाटीच्या ५ व्होल्टच्या टोकावर दिव्यांची पट्टी किंवा सर्वो मोटर जोडली असेल, तर परीक्षक समोर येईपर्यंत ती टिकेलच असे नाही. अशा वेळी दिव्यांना आणि मोटरला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा आणि दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडाव्यात.

रंगीत, प्रत्येक दिवा स्वतंत्र चालवता येणाऱ्या ज्या पट्ट्या हल्ली मिळतात, त्यांतला एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला तर सुमारे ६० मिलिॲम्पिअर घेतो. असे ६० दिवे म्हणजे साडेतीन ॲम्पिअरच्या वर. तेथे धबधब्याच्या जातीचा नियंत्रक नकोच. स्विचिंग पद्धतीचा घ्यावा. त्याची युक्ती अशी. स्विच पूर्ण बंद केला की त्यावर दाब पडत नाही, पूर्ण उघडला की त्यातून प्रवाह जात नाही. दोन्ही वेळा गुणाकार जवळजवळ शून्य! असा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि वेटोळ्यात ऊर्जा साठवून ती बेताबेताने पुढे देतो. अडीच वॉट पुरवताना त्यात अर्ध्या वॉटच्या आसपासच वाया जातो. शेजारी मध्यम लहरींवर रेडिओ लावला असेल तर त्यात खरखर ऐकू येते, एवढा त्याचा एक त्रास.

हे सारे वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून पाहा. २३० व्होल्टच्या तारांना हात घालायला नको म्हणून १२ व्होल्टचा तयार अडॅप्टर घ्या. त्यापुढे ७८०५ जोडा. आतल्या टोकाला ०.३३ आणि बाहेरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर. दिव्यांऐवजी ४७ ओहमचे, ५ वॉटचे तीन रोधक आणा. एक जोडला की नियंत्रकात सुमारे पाऊण वॉट उष्णता होते, दोन समांतर जोडले की दीड, तीन जोडले की सव्वादोन. नियंत्रकाच्या पाठीला ५ सेंटिमीटर चौरस, २ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने घट्ट बसवा. ७८०५ ची धातूची पाठ मधल्या पायाला, म्हणजे ऋण टोकाला, आतून जोडलेली असते, म्हणून येथे अभ्रकाचा पापुद्रा लागत नाही. सर्वच नियंत्रकांचे मात्र असे नसते. एलएम ३१७ ची पाठ बाहेरच्या टोकाला जोडलेली असते, आणि ऋण दाबाच्या ७९०५ ची आतल्या टोकाला. तेथे अभ्रक विसरलात तर पहारेकरीही वाचवू शकणार नाही.

प्रत्येक जोडणीनंतर पंधरा मिनिटे थांबा आणि तुकड्याचे तापमान प्रयोगशाळेतल्या तापमापीने टिपा. बोटाने नको, ६० अंशांच्या धातूवर बोट क्षणभरही ठरत नाही. तुकडा एकदा उभा ठेवून आणि एकदा टेबलावर लाकडी पट्टीवर आडवा ठेवून वाचने घ्या. वॉट आडव्या अक्षावर, तापमानातील वाढ उभ्या अक्षावर, असा आलेख काढा. दोन रेषा मिळतील, आणि प्रत्येकीचा चढ म्हणजे त्या मांडणीचा उष्णतारोध. वॉट वाढतील तशी रेषा किंचित खाली वाकलेली दिसेल. तुकडा जास्त तापला की हवाही जास्त वेगाने वर चढते आणि वाट थोडी रुंद होते.